खिडकीतली चोवीस रोपं

४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय की रोजचं लिहून ठेवा. लेकीनं काय खाल्लं, गोळ्या कधी घेतल्या, काही दुखलं-खुपलं का. तिच्या घरात कोरी वही सापडेना. मी येताना सामान गुंडाळायला कारखान्यातलं जुनं माल-तपासणीचं रजिस्टर आणलं होतं, त्याची अर्धी पानं कोरी निघाली. गोळ्यांचं पुढून लिहायचं आणि माझं मागून, असं ठरवलंय. मागचं कोणी वाचणार नाही.

मी एकतीस वर्षं शर्ट तपासले. शिवण उसवलेली दिसली, कॉलर वाकडी दिसली, की तो नग बाजूला आणि त्याच्या जागी दुसरा. गिऱ्हाइकानं पेटी उघडली की सगळे एकसारखे दिसले पाहिजेत, बस. निवृत्त झाल्यापासून माझ्या नजरेला काम नाही. आता ती सगळी नजर लेकीवर आहे आणि ती बिचारी पलंगावर पडून आहे, पळून तरी कुठे जाणार.

एकोणीस आठवडे आज पुरे झाले. आधीची दोन्ही बाळं विसाव्या आठवड्याच्या आत गेली. या खेपेला गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलाय आणि बाथरूमपुरतं उठायची परवानगी आहे, बाकी आडवं. जावई बोटीवर. तो जूनमध्ये येणार. तोवर घरात आम्ही दोघीच.

मला भीती वाटते. हे इथे लिहून टाकलं म्हणजे तिच्यासमोर बोलावं लागणार नाही. तिच्यासमोर मी तोंड हसरं ठेवते. आज माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "आई, दाढ दुखतेय का तुझी?"

७ मार्च

"नुसतं छताकडे बघत पडले तर मला वेड लागेल," लेक म्हणाली. "बिया लाव ना. इथे खिडकीत, मला दिसतील अशा."

बिया टोमॅटोच्या. जावयानं दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा बंदरावरून एक टोमॅटो रुमालात बांधून आणला होता. नवरा बायकोला अत्तर आणतो, आमच्या जावयानं टोमॅटो आणला. तिनं त्याच्या बिया वाळवल्या, गच्चीवर लावल्या, पुन्हा धरल्या. इथे ही जात कोणाकडे नाही म्हणे. पुडीत मोजून चोवीस निघाल्या.

लेकीचं हे गाव थंड, बाहेर अजून बादलीतलं पाणी रात्रीत गोठतं. रोपं गच्चीवर जायला मे उजाडेल, तोवर घरातच वाढवायची. चोवीस कप्प्यांचा ट्रे होता. ती पडल्या पडल्या हुकूम सोडत होती. माती चाळून घे. दाबू नकोस. बी नखाएवढंच खोल. वर प्लॅस्टिक. ऊब लागते म्हणून उगवेपर्यंत ट्रे फ्रीजवर ठेव. मला हे आवडलं. पुष्कळ दिवसांनी तिचा आवाज तिच्यासारखा वाटला.

सगळं झाल्यावर म्हणाली, "ही जगली ना आई, की तेही जगेल बघ." गमतीत म्हणाली, हसलीसुद्धा. मी हात धुवायला उठले.

११ मार्च

वीस आठवडे पुरे. दोघींपैकी कोणीच त्याबद्दल बोललं नाही. फ्रीजवरच्या ट्रेत काही नाही. सकाळपासून अकरा वेळा स्टुलावर चढून बघितलं.

१४ मार्च

उगवली. मातीतून पांढरे वाकडे देठ वर आलेत, अजून डोकी जमिनीतच. ट्रे घेऊन तिच्याकडे धावत गेले. ती म्हणाली, "अगं, हळू. तू पडलीस तर आपल्या दोघींना कोण बघणार?"

१७ मार्च

चोवीसच्या चोवीस. एकही बी फुकट गेलं नाही. कारखान्यात इतका चांगला माल मी आयुष्यात कधी बघितला नाही. ट्रे आता तिच्या खिडकीत आहे. आज मला झोप लागेल असं वाटतंय.

२० मार्च

सगळी रोपं काचेकडे वाकून लांब झालीत. ट्रे रोज फिरवायचा म्हणाली, आणि वरून हलका हात फिरवायचा म्हणजे देठ जाड होतो. पाण्यावरून मात्र आमची जुंपली. ती म्हणते वरची माती सुकू दे, मगच घाल. मला सुकी माती बघवत नाही. तिचा डोळा लागला की मी चमच्यानं थोडं थोडं घालते. तहानेनं गेलं एखादं तर?

२४ मार्च

आज सकाळी तीन रोपं आडवी झालेली. पानं हिरवीगार, पण देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक, जसा कोणी चिमटीत धरून पिळलाय. बोट लावलं तर तुटून हातात आलं.

ती अजून झोपेत होती. पाणी घालायचं निमित्त करून ट्रे स्वयंपाकघरात आणला. दुपारपर्यंत आणखी सहा गेली. नऊ. ती आतून विचारतेय, "आई, ट्रे कुठे नेलास?" मी म्हटलं, "इकडे ऊन चांगलं आहे." स्वयंपाकघराला ऊन येत नाही. तिचंच घर आहे, तिला माहीत असणार, पण पुढे काही विचारलं नाही.

'ही जगली की तेही जगेल' हे तिचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही.

२५ मार्च

सकाळी दूध आणते सांगून रोपवाटिकेत गेले. तिथला म्हातारा मालक उन्हातसुद्धा कानटोपी घालून बसतो. त्याला एक मेलेलं रोप दाखवलं.

"पाण्यानं मारलंत, बाई," तो म्हणाला. "पाणी जास्त, हवा कोंडलेली. हा रोग या कप्प्यातून त्या कप्प्यात जातो. मेली ती उपटा. बाकीच्यांना वारा द्या, पाणी खालून द्या, तेही माती सुकल्यावर."

म्हणजे मी मारली. जास्त माया करून मारली. तिथे उभ्या उभ्या रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

मी म्हटलं, "मला टोमॅटोची नऊ रोपं द्या. एवढ्या उंचीची."

"कुठली जात?"

"कुठलीही. उंची एवढीच हवी." मी बोटाचं पेर दाखवलं. तो उठून आत गेला.

घरी येऊन नऊ कप्पे भरले. दोन पानांवर सगळे टोमॅटो सारखेच दिसतात, आईशपथ. एकतीस वर्षांची नजर माझी, मलाच ओळखू येईनात. ट्रे खिडकीत ठेवला. ती कुशीवर वळून खूप वेळ बघत राहिली.

"आज ताठ दिसतायत," म्हणाली.

"पाणी खालून दिलं."

"हं. छान केलंस."

माझा जीव भांड्यात पडला.

३० मार्च

आणखी पाच गेली. पंखा लावला, पाणी कमी केलं, तरी जी आतून पिचलेली होती ती गेलीच. पुन्हा दूध आणायला गेले. ती म्हणाली, "आई, हल्ली आपण फार दूध पितो." मी म्हटलं, "तुला कॅल्शियम लागतं."

कानटोपीवाल्यानं या खेपेला काही विचारलं नाही. बोटाचं पेर दाखवायच्या आत पाच रोपं पुढे केली.

४ एप्रिल

आणखी पाच. आता चोवीसपैकी फक्त पाच तिची, एकोणीस माझी. पण गेल्या दोन दिवसांत नवं कोणी आडवं झालेलं नाही. रोग थांबला असावा.

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या होत्या. ठोके नीट, वाढ नीट, टाका जागेवर. जाताना म्हणाल्या, "डाग दिसला, कळ आली, तर वाट बघायची नाही. त्याच मिनिटाला फोन." लेकीनं मान हलवली. मीही हलवली.

मला वाटतं मी बरोबर केलं. खिडकीत चोवीस आहेत आणि पोटात एक आहे, सगळं जागच्या जागी. कोणाचं काय बिघडलं?

७ एप्रिल

लेकीनं आज गडद लाल चादर घालायला लावली. पांढरी डोळ्यांवर येते म्हणे. मी म्हटलं, तू कधीपासून चादरीचे रंग बघायला लागलीस? हसली, पण हसणं ओठांपुरतंच होतं. नवऱ्याची आठवण येत असणार.

पुढच्या बाजूला लिहिलं: दूध, टोस्ट, दोन अंडी. गोळ्या वेळेवर. दुखलं-खुपलं काही नाही.

८ एप्रिल

चोवीस आठवडे पुरे. मी तिला विचारलं, "खूश?" ती म्हणाली, "हो गं." आणि तोंड भिंतीकडे केलं.

१० एप्रिल

एक चमत्कारिक गोष्ट. हातपुसणी बारा होती, आज वाळत घालताना आठच भरली. पलंगाखाली पाहिलं, मशीनमध्ये पाहिलं. लेकीला विचारलं तर म्हणाली, "मशीन खातं, आई. सगळ्यांची खातं." तिनं आज आतले कपडेही स्वतः बाथरूममध्ये धुतले. मी चांगली फैलावर घेतली. उभं राहून कपडे धुवायला सांगितलंय का डॉक्टरांनी? म्हणाली, "तुला किती करायला लावायचं?" मोठी झाली पोर. माझ्या कष्टांची काळजी करायला लागली.

संध्याकाळी ट्रेकडे बघत विचारलं, "एकदा मान टाकली ना रोपानं, की पुन्हा उभं राहतं का गं कधी?"

तिला कळलं की काय? मी शक्य तितक्या सहज म्हटलं, "राहतं की. पुष्कळदा राहतं. नुसतं पडून राहू द्यायचं, उगीच हात लावायचा नाही."

"कोणाला बोलवायची गरज नसते?"

"छे. रोपासाठी कोणाला बोलवायचं?"

त्यावर तिनं डोळे मिटले. संशय आलेला दिसत नाही. थोडक्यात वाचले.

१३ एप्रिल

फसले. पुरती फसले.

टोमॅटोची पहिली दोन पानं सगळ्यांची एकच, साधी, लांबट. त्यानंतर येतात ती खरी पानं, जातीप्रमाणे. आज ती उघडली. तिच्या पाच रोपांची पानं रुंद, गुळगुळीत कडेची, बटाट्याच्या पानासारखी. माझ्या एकोणिसांची कातरलेली, दातेरी. आंधळ्यालासुद्धा हाताला लागेल इतका फरक. जावयाच्या त्या जातीची हीच ओळख, आणि मला ते ठाऊक नव्हतं. तपासनीस म्हणे.

तात्पुरतं एवढंच केलं की तिची पाच रोपं पलंगाच्या बाजूला आणि बाकीची काचेकडे. कारखान्याच्या प्रदर्शनात आम्ही हेच करायचो, चांगले शर्ट पुढे. दिवसभर जीव टांगणीला. तिनं ट्रेकडे पाहिलं नाही. ती आज कशाकडेच पाहत नव्हती. तोंड पिवळट वाटलं. जेवण अर्धं टाकलं. लाल चादरीमुळे तसं दिसत असेल.

१७ एप्रिल, दवाखान्यात

कालचं लिहिते. बाकावर बसलेय, अक्षर कसंही येतंय.

काल दुपारी ती झोपलीय असं समजून मी ट्रे स्वयंपाकघरात नेला. माझी दोरे कापायची छोटी कात्री घेतली आणि दातेरी पानांचे दाते कापून कडा गुळगुळीत करायला लागले. चष्मा लावून, एकेक पान बोटावर धरून. तीन रोपं झाली. चौथ्याला हात घातला तेव्हा मागून आवाज आला, "आई, राहू दे."

ती दारात उभी होती. चौकट धरून. मी ओरडलेच, "तू उठलीस कशी?"

"राहू दे ती कात्री," ती म्हणाली. "मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दिवसभर दुसरं काय बघते मी? प्रत्येक रोप कुठल्या बाजूला वाकतं ते मला पाठ होतं. तू नऊ बदललीस, मग पाच, मग पाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू ट्रे घेऊन यायचीस तेव्हा इतकी हसत यायचीस. आणि ते हसणं खोटं आहे हे मला कळायचं. मी बोलले असते तर तू मोडून पडली असतीस."

मी खुर्चीत बसले. सगळं सांगून टाकलं. चमच्यानं घातलेलं पाणी, दुधाचं निमित्त, बिया लावताना ती काय म्हणाली होती आणि त्याची मला किती भीती बसली होती ते. म्हटलं, "एकोणीस मेली, पोरी. मीच मारली. तुला कळू नये म्हणून झाकत राहिले. तू घाबरू नयेस म्हणून."

ती ऐकत होती. मग खूप हळू म्हणाली, "मग मीपण सांगते. नऊ दिवस झाले. डाग पडतोय."

मला आधी कळेचना. मी ट्रेकडे बघितलं, पानांवर डाग शोधले. खरंच शोधले. मग कळलं.

लाल चादर. हातपुसणी. ती कपाटामागे पिशवीत कोंबून ठेवली होती, नंतर तिनं सांगितलं. "रोज वाटायचं उद्या थांबेल," म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तू... मी तुझं तोंड बघू शकले नसते, आई. मागच्या दोन्ही वेळेचं तुझं तोंड मी विसरलेले नाही. आणि तू म्हणालीस पडून राहिलं की उभं राहतं."

मी रोपाबद्दल म्हटलं होतं. तेही खोटं.

टॅक्सी कशी बोलावली, जिना कसा उतरलो, काही आठवत नाही. एवढंच आठवतं की तिला चालू दिलं नाही. खालच्या मजल्यावरच्या सुताराला हाक मारली, त्यानं आणि टॅक्सीवाल्यानं तिला खुर्चीतून उतरवलं.

डॉक्टरीणबाईंनी हे रजिस्टर मागितलं. पुढची बाजू उघडली. सात तारीख, दुखलं-खुपलं काही नाही. आठ, काही नाही. नऊ, काही नाही. नऊ दिवस, माझ्याच अक्षरात. त्यांनी विचारलं, "हे कोणी तपासून लिहिलं?" मी म्हटलं, "मी." त्या पुढे काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंचवीस आठवडे. टाका ताणला गेलाय पण धरून आहे. ठोके आहेत, मला ऐकवले. बाळाच्या फुफ्फुसासाठी इंजेक्शनं सुरू केलीत. आता तिला इथून हलवायचं नाही. मी विचारलं, "वाचेल ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता आहे. एवढंच सांगू शकते. दोन दिवस आणखी उशीर केला असतात तर तेही सांगू शकले नसते."

भीती कशी असते हे मला माहीत आहे असं मी समजत होते. काही माहीत नव्हतं.

२० एप्रिल

जावयाला फोनवर सगळं सांगितलं, रोपांसकट. तो म्हणाला, "आई, तुम्ही दोघी एकमेकींना इतकं सांभाळता की माझा थरकाप होतो."

राग यायला हवा होता. आला नाही.

२३ एप्रिल

भेटायला दिवसाला एकच तास. त्या तासात तिनं मला काय काय सांगितलं. मागच्या वेळीही पहिला डाग तिनं दोन दिवस लपवला होता. माझ्यापासून, नवऱ्यापासून, सगळ्यांपासून. मी तिचा हात धरून ऐकत होते आणि या खेपेला तोंड हसरं ठेवायचा प्रयत्न केला नाही. जसं झालं तसं होऊ दिलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हे बरं आहे. आता निदान कळतं तरी."

परत येताना मनात आलं, ही लपवायला शिकली कोणाकडून? खराब नग गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू द्यायचा नाही, हे या घरात माझ्याशिवाय कोणी आणलं? तिचे बाबा गेले त्या आठवड्यात मी तिला परीक्षेला पाठवलं होतं, ते बरे आहेत असं सांगून. तेव्हा सगळे म्हणाले, केवढी खंबीर बाई.

२९ एप्रिल

सत्तावीस आठवडे. अठ्ठावीस गाठू आणि मग पुढचं बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या एका आठवड्याला अंत नाही असं वाटतं. फोन वाजला की मी दचकते, आणि वाजला नाही की उचलून बघते.

आज सकाळी तिच्या पाचांतलं एक आडवं झालेलं दिसलं. इतक्या दिवसांनी, इतकं मोठं होऊन. रोपवाटिका उघडी होती. मी चपला घातल्या, मग काढून ठेवल्या. मेलेलं रोप उपटलं आणि तो कप्पा तसाच रिकामा ठेवला.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"आज किती?" तिनं विचारलं.

"एक गेलं. आपल्या पाचांतलं. चार राहिली."

तिच्या मागून ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज येत होता.

"बरं," ती म्हणाली. "आता माझं. सकाळी डाग होता. थोडा, पण होता. नर्सबाईंना लगेच दाखवला. डॉक्टर येऊन गेल्या. ठोके आहेत."

"घाबरलीस?"

"हो. खूप. तू?"

"खूप," मी म्हटलं.

मग बोलायला काही उरलं नाही, आणि दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.